चारशे घास

ज्या रविवारी मी माझ्या चाळीस वर्षांपासूनच्या मित्राचा, बेलसरेचा, जबडा पान्याने फोडला, त्या दिवशी घड्याळात दुपारचे बारा वाजून अकरा मिनिटे झाली होती. पाना दुतोंडी, एकोणीस-बावीसचा, घडीव पोलादाचा होता आणि तो बेलसरेच्याच यंत्रशाळेतला होता. पहिल्या फटक्याने त्याचे खालचे दोन दात फरशीवर पडले. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तो मी का मारला, हे मला आजही नेमके सांगता येत नाही. बाकी सर्व सांगता येते, आणि ते मी क्रमाने सांगतो.

जपानमध्ये शर्यतीचा अख्खा घोडा विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून तेथे क्लब असतात. क्लब एक घोडा घेतो, त्याचे चारशे भाग करतो आणि ते सदस्यांना देतो. एका भागाला जपानी लोक 'एक तोंड' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'एक घास'. आमच्या पुण्याच्या मंडळात सर्वजण घासच म्हणत. माझे दोन घास, बेलसरेचे तीन, पशुवैद्य डॉ. नलिनी वर्तकांचा एक. हामामात्सूच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे उपकरणांच्या तपासणी विभागात होतो. हा नाद तेथे लागला आणि निवृत्तीनंतर तो मी पुण्याला घेऊन आलो.

घास घेतलेला माणूस मालक म्हणवतो, पण मालकाचा एकही हक्क त्याच्याकडे नसतो. घोडा कोणत्या शर्यतीत उतरेल, त्याच्यावर कोण बसेल, तो केव्हा निवृत्त होईल, हे सारे क्लब आणि ट्रेनर ठरवतात. ट्रेनरला थेट पत्र लिहिले तर सदस्यत्व जाते. तबेल्यात जायचे तर महिनाभर आधी अर्ज करायचा. भेट वीस मिनिटांची आणि हात लावायचा तो फक्त डाव्या खांद्याला. घोडा जिंकला तर त्याच्याशेजारी छायाचित्रात उभे राहण्यासाठी सोडत निघते.

आमच्या घोडीचे नाव शिमोनोकोए, म्हणजे दहिवराचा आवाज. आम्ही तिला शिमो म्हणत असू. राखी रंगाची, पाच वर्षांची. दर शुक्रवारी क्लबकडून तिच्याविषयी दोन ओळी येत: 'डाव्या पुढच्या पायात थोडा ताठरपणा. निरीक्षण चालू.' तीन वर्षांत ती नऊ वेळा धावली आणि मी एकशे सव्वीस शुक्रवारी 'थोडा ताठरपणा' वाचला. थोडा म्हणजे किती, हे विचारण्याची सोय नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर दाबमापकांचे काटे शून्यावर आणले, त्याला 'थोडा' हा शब्द किती छळतो, हे सांगणे कठीण आहे.

"आपण मालक नाही रे मोऱ्या," बेलसरे म्हणायचा, "आपण वर्गणीदार. गणपतीची वर्गणी आपण द्यायची, मूर्ती मंडळवाले ठरवणार. पण तिथे निदान प्रसाद तरी मिळतो."

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ईश्वरी त्याच देशात घोडे पळवत होती. भाऊ पुण्याच्या रेसकोर्सवर नालबंद होता. एका बिथरलेल्या घोड्याची लाथ छातीत बसून तो जागच्या जागी गेला, तेव्हा ईश्वरी अकरा वर्षांची होती आणि तबेल्याच्या दारात उभी होती. त्यानंतर ती माझ्याकडे वाढली. तिने तंत्रनिकेतनात जावे असे मला वाटत होते. ती एकोणिसाव्या वर्षी होक्काइदोला सरावाचे घोडे पळवायला गेली. आपल्याकडची बरीच मुले तेथे हे काम करतात. तिने पुढे परीक्षा देऊन जॉकीचा परवाना मिळवला. दोन्ही बाजूंची गळपट्टीची हाडे एकेकदा मोडून घेतली. पण मोठ्या शर्यतीत तिला कोणी बसवत नसे. मोठे घोडे ठरावीक नावांसाठी राखलेले असत.

मग वेदनाद्वार आले.

त्याचे शास्त्र फार अवघड नाही. घोड्याच्या पुढच्या पायाची वेदना गुडघ्याच्या वर दोन मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते. या तंतूंवर तांदळाच्या दाण्याएवढे एक यंत्र बसवले, तर जाणारे संदेश वाचता येतात आणि अडवताही येतात. अडवले की घोड्याला दुखत नाही. पूर्वी काही लोक हा तंतू चक्क कापून टाकीत, आणि ते सर्वत्र निषिद्ध होते. कारण वेदना ही घोड्याची गती कमी करणारी झडप आहे. धावताना नळीच्या हाडात केसासारख्या बारीक चिरा पडतात. दुखू लागले की घोडा पाय सांभाळतो आणि हाड भरून येते. ज्याला दुखत नाही तो तुटक्या पायावरही धावतो.

नवा नियम या अडचणीतून वाट काढणारा होता. वेदना अडवायची असेल तर ती त्याच क्षणी कोणीतरी माणसाने सोसली पाहिजे. कोणतीही वेदना बेवारस राहता कामा नये. आणि ज्या घोड्याचे चारशे भागीदार आहेत, त्याच्यासाठी चारशे माणसे तयारच होती. प्रत्येकाला पोटरीवर बांधायचा एक पट्टा मिळाला. घोड्याकडून आलेला संदेश चारशेने भागला जाऊन प्रत्येक पट्ट्यात उतरे आणि पोटरीचा मज्जातंतू चेतवी. मांसाला इजा होत नसे, फक्त दुखे. नको झाले तर पट्टा सोडायचा. चारशेपैकी तीनशेहून कमी घास बांधलेले राहिले, की द्वार उघडत असे आणि घोड्याची वेदना घोड्याकडे परत जाई. ती एकदम जाऊ नये म्हणून द्वार आठ सेकंदांत हळूहळू उघडे, म्हणजे घोडा आपण होऊन मंदावे.

एका ट्रेनरच्या नजरेपेक्षा चारशे साक्षीदार विश्वासार्ह, असे क्लबने लिहिले. आम्हांला ते पटले. इतक्या वर्षांनी कोणी आमच्या हाती काहीतरी देत होते. शिवाय जॉकी निवडण्याचे मतही भागीदारांना मिळाले.

योजना लागू होण्यापूर्वी क्लबने सूचना मागवल्या. मी सात पानांचे पत्र पाठवले, तीन सूचनांचे. पहिल्या दोन फेटाळल्या गेल्या. तिसरी अशी होती: एखाद्या केंद्राचा, म्हणजे आमच्यासारख्या मंडळाच्या यंत्राचा, संपर्कच तुटला, तर आठ सेकंद थांबू नये, द्वार ताबडतोब, पूर्ण उघडावे. बाष्पकावर, म्हणजे बॉयलरवर, काम केलेला कोणीही हेच सांगेल. संदेश तुटला की झडप उघडलीच पाहिजे, अन्यथा स्फोट होतो. क्लबने ती सूचना स्वीकारली. लाल गोल शिक्क्याचे आभारपत्र आले. मी ते चौकट करून दिवाणखान्यात लावले.

पट्टा मिळाल्यावर चौथ्या दिवशी मी तो खोलला. तसे करणे नियमाविरुद्ध होते. पण सरावाच्या वेळी मला जे जाणवत होते ते डास चावल्याइतके होते, आणि डास हे मोजमापाचे एकक नाही. आत जेथे चारशेने भागाकार होत होता, ती पायरी मी काढून टाकली. पट्टा मंडळाच्या यंत्राऐवजी माझ्या फोनला जोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, तिकडचा सराव सुरू झाला तेव्हा, तो बांधून स्टुलावर बसलो.

शिमोने वेग घेतला आणि मी स्टुलावरून खाली कोसळलो. कोणीतरी माझ्या नडगीत भोक पाडायचा लोखंडी पोगर ठोकून हातोडीने एकसारखे घाव घालत होते, असे मला वाटले. दर ढांगेला एक घाव. जीभ दातांखाली सापडून फाटली आणि रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरले. बक्कल सापडेपर्यंत मी किती घाव सोसले ते मोजले. सव्वीस. 'थोडा ताठरपणा' म्हणजे काय ते मला समजले.

मी क्लबला कळवले. मोरितासान नावाच्या अधिकाऱ्याने अत्यंत नम्रपणे उत्तर दिले: अन्य भागीदारांकडून अशी तक्रार नाही. पट्टा खोलल्याचे मी लिहू शकत नव्हतो.

त्याच आठवड्यात जॉकीसाठी मतदान झाले. मी महिनाभर आधीपासून ईश्वरीसाठी खटपट केली होती. जपानी सदस्यांना एकशे चाळीस पत्रे हाताने लिहिली होती. ती निवडून आली. मोठी शर्यत, अठराशे मीटर, सोळा घोडे.

मी तिला फोन केला. "ईशे, तिचा डावा पाय वाईट आहे. मी पट्टा खोलून पाहिलाय."

"काय सांगता अप्पा? काल मी बसले होते की. रेशमासारखी पळतेय हो. अशी कधीच पळाली नव्हती."

"दुखत नाही म्हणून पळतेय."

ती म्हणाली, "सात वर्षं मी घोडे तयार करते आणि शर्यतीच्या दिवशी दुसराच कुणीतरी चढतो. मी कडेला उभी राहून टाळ्या वाजवते. ही पहिली आहे. तुम्हीच मिळवून दिलीत ना? आता तुम्हीच काढून घेणार?"

"तू पडलीस तर?"

"पडले तर पडले. मी काय कापसाची आहे? बाबा तर नुसते उभे होते."

दोन दिवसांनी घोडी शर्यतीत उतरवावी की मागे घ्यावी यावर भागीदारांचा कौल मागवला गेला. मी 'उतरवावी' यावर बोट ठेवले. दोन्ही घासांचे.

शर्यतीच्या रविवारी आम्ही भोसरीला बेलसरेच्या बंद पडलेल्या यंत्रशाळेत जमलो. झाकलेल्या लेथच्या रांगेपुढे मोठा पडदा लावला होता. एकोणीस माणसे, त्यांचे पंचवीस घास. सर्वांचे पट्टे मंडळाच्या एका यंत्राला जोडलेले, आणि ते यंत्र भिंतीवरच्या मुख्य स्विचवर. माझा पट्टा फोनवर स्वतंत्र होता, हे कोणाला माहीत नव्हते. बेलसरेने बटाटेवडे मागवले होते.

"आज मोऱ्याची पोरगी आहे रे," त्याने जाहीर केले. "जो पट्टा सोडेल त्याचा वडा परत."

बारा वाजून दहा मिनिटांनी फाटके उघडली. पडद्याच्या कोपऱ्यात बांधलेल्या घासांचा आकडा होता: तीनशे ब्याण्णव.

पहिल्या दोनशे मीटरमध्येच पोगराचे घाव सुरू झाले. मी वडा तोंडात धरला होता, तो दातांखाली घट्ट दाबला. पहिल्या वळणावर आकडा तीनशे साठावर आला. ज्यांना डासही नको होता ते गेले. दुसऱ्या वळणाच्या मध्यावर काहीतरी बदलले. घाव तसेच होते, पण आता दोन घावांच्या मध्येही दुखणे थांबत नव्हते. हाड आतून सुटत होते. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो, तोंडातला घास थुंकून टाकला आणि ओरडलो, "पट्टे सोडा! तिचं हाड मोडतंय!"

सगळे चेहरे माझ्याकडे वळले, आणि परत पडद्याकडे. शिमो चौथ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आली होती.

"मलाही चावतंय की," बेलसरे म्हणाला. "डासाला भिऊन शर्यत सोडायची काय?"

"माझ्या पट्ट्यात भागाकार नाही! मी काढून टाकलाय! मला सगळं कळतंय!"

"काय केलंयस?" कोणीतरी विचारले. कोणी हसले. मी काळजीखोर म्हणून प्रसिद्ध होतो. एकशे सव्वीस शुक्रवारांची वही ठेवणारा माणूस. फक्त डॉ. वर्तक माझ्या पायाकडे पाहत होत्या. माझी पोटरी धनुष्यासारखी ताठली होती. त्यांनी वाकून स्वतःचा पट्टा सोडला.

आकडा तीनशे अठरावरून तीनशे सतरावर आला. आणि तेथेच थांबला, कारण शेवटच्या सरळ मार्गावर शिमो पुढे गेली. पुढे असलेल्या घोड्याचा घास कोणी सोडत नाही. ईश्वरी रिकिबीत किंचित उभी राहिली.

"मागे बघतेय!" बेलसरे नाचू लागला. "कुणी जवळपास नाही म्हणून मागे बघतेय पोरगी!"

अठरा घास हवे होते. माझे दोन. येथे पंचवीस, त्यातला एक गेलेला. हा हिशेब मी केला तो डोक्याने नव्हे. तो पायातून वर आला. मी लंगडत भिंतीकडे निघालो. लेथवर पाना होता, तो उचलला. बेलसरेने माझी दिशा ओळखली आणि तो स्विचपुढे हात पसरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो माझ्यासाठीच आनंदला होता.

"वेडा आहेस का? जिंकतेय रे ती! तुझी ईशी जिंकतेय!"

मी मारले. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. तो भिंतीला घसरत खाली बसला, हनुवटी एका बाजूला लोंबत होती आणि हात अजून पसरलेले होते. स्विच मोकळा होता. मी पुन्हा मारले, खांद्यावर. हाड फुटल्याचे हाताला कळले. त्यानंतर मी स्विच खाली ओढला.

पडदा काळा झाला. छताच्या काचांतून ऊन येत होते, त्यात सर्वजण स्तब्ध उभे होते. आणि माझी पोटरी शांत झाली.

ती एकदम शांत झाली. तोपर्यंत माझ्या पायात जे काही होते ते एका क्षणात, दिवा विझावा तसे, नाहीसे झाले. मला इतके बरे वाटले की मी हसलो असेन. मग लक्षात आले की असे व्हायला नको होते. पट्टे सोडले असते, तर ते आठ सेकंदांत उतरले असते. मी पट्टे सोडवले नव्हते. मी संपर्क तोडला होता. माझ्या तिसऱ्या सूचनेनुसार द्वार ताबडतोब, पूर्ण उघडले होते. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या घोडीला, जिला सहा आठवडे काहीच दुखले नव्हते, तिचा सगळा पाय एका क्षणात परत मिळाला होता.

कोणाच्या तरी फोनवर शर्यत चालू होती. डॉ. वर्तकांनी तो हातात घेतला आणि पाठ वळवली. "आगवणे," त्या मला म्हणाल्या, "बघू नका."

मी तो त्यांच्या हातातून हिसकावला. शिमोने भिंतीवर आदळल्यासारखी मान वर फेकली होती. तिचा पुढचा डावा पाय दुमडला आणि त्यावर सगळे अंग आले. ईश्वरी तिच्या मानेवरून पुढे गेली, खांद्यावर पडली, गोळा झाली. पडायचे कसे हे तिला येत होते. पहिला घोडा तिच्यावरून उडी मारून गेला. दुसऱ्याला जागा नव्हती. तिसऱ्यालाही नव्हती. मी तिचे शरीर टापांखाली दोनदा उलटेपालटे होताना पाहिले. शिमो उठली. तीन पायांवर, चौथ्याचा खूर कातड्याला लोंबत असताना, ती पुन्हा धावू लागली. दर ढांगेला तो खूर उलटा आपटत होता. चाळीस मीटर गेली. मग लोक घोड्याला संपवताना आडोशाला धरतात ती हिरवी कनात घेऊन धावले.

बेलसरेने पोलिसांत तक्रार केली नाही. त्याचा जबडा तारांनी बांधला होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने पाटीवर लिहून दाखवले: 'पाना परत कर.' मी तो नेला नव्हता. त्याच्या लेथखालीच पडला होता. त्याने पाटी पुसली. मग लिहिले: 'ती कशी आहे?'

ती जिवंत होती. कमरेचे हाड तीन ठिकाणी मोडले होते. डावा पाय मांडीतून काढावा लागला.

क्लबचा अहवाल तीन आठवड्यांनी आला, चारशे भागीदारांना एकसारखा. त्यात आलेख होता. संपर्क तुटला, द्वार उघडले, आणि त्यानंतर एक पूर्णांक एक दशांश सेकंदाने हाड तुटले. मी तो डॉ. वर्तकांपुढे ठेवला.

"चीर दोन तृतीयांश आत गेली होती," त्या म्हणाल्या. "कदाचित पुढच्या दहा ढांगांत तुटलं असतं. कदाचित शेवटपर्यंत टिकलं असतं. हे कुणीही सांगू शकणार नाही, आगवणे. विचारू नका."

मी जपानला गेलो. रुग्णालय तोक्योजवळ होते. ईश्वरी पाठीवर पडून होती, डोक्याचे केस काढलेले, एका डोळ्यात अजून रक्त साकळलेले. चादर उजव्या बाजूला पायाच्या आकाराची होती. डाव्या बाजूला सपाट.

"स्विच कोणी बंद केला?" तिने विचारले.

"मी."

"वाटलंच." ती छताकडे पाहत होती. "मला कळलं होतं, अप्पा. वळणावरच तिचं अंग सैल पडलं. मी लगाम घेतले, पण ती ऐकेना. दुखतच नव्हतं ना तिला. उभी राहून तिला कडेला काढत होते. शंभर मीटर. शंभर मीटर हवे होते मला."

ताशी साठ किलोमीटर वेगाने शंभर मीटरना सहा सेकंद लागतात. तिने हे सांगितले नाही. मी तो भागाकार तेथे उभ्या उभ्या केला.

दुपारी परिचारिका जखम बांधायला आली. तिने एक तबकही आणले होते. त्यात पट्टे होते. वेदनाद्वार आता माणसांसाठीही चाचणीत होते. ईश्वरीच्या उरलेल्या मांडीत ते बसवलेले होते. नियम तोच. वेदना बेवारस राहता कामा नये. परिचारिकेने आनंदाने सांगितले की क्लबच्या एकशे बारा सदस्यांनी आपण होऊन नावे नोंदवली आहेत.

मी ते मराठीत सांगितले, तेव्हा ईश्वरी अपघातानंतर प्रथमच हसली. ते हसणे ऐकवत नव्हते. "आता माझेही घास?"

"नको म्हणून सांगतो."

"नको. तुम्ही बांधा. एकटे." तिने माझ्याकडे पाहिले. "आणि भागाकार काढून टाका. येतो ना तुम्हांला?"

माझ्याजवळ छोटा पेचकस होता; तो नेहमीच असतो. परिचारिकेने मज्जाव केला. ईश्वरी तिच्याशी जपानीत काही बोलली आणि ती बाजूला झाली. मी पट्टा दुरुस्त केला, मांडीवर बांधला आणि खुर्चीत बसलो. परिचारिकेने जखमेवरची जुनी पट्टी ओढली.

त्या चौदा मिनिटांचे वर्णन मी करणार नाही. पोगर नव्हता; करवत होती. आणि ती अशा पायाला कापत होती जो तेथे नव्हता. मला लघवी झाली. मी खुर्चीच्या हाताला चावलो आणि वरच्या दातांची कवळी दुभंगली. मधूनमधून मला ईश्वरीचा चेहरा दिसे. ती माझ्याकडे एकटक पाहत होती, वेदना नसलेल्या, कोरड्या डोळ्यांनी. तिला प्रत्येक घाव मोजायचा होता. परिचारिका रडत होती.

पट्टी बांधून झाली.

"कळलं?" ईश्वरी म्हणाली.

मी मान हलवली.

"आता काढा. उद्यापासून कुणी बांधायचा नाही. माझं मला द्या. शिमोला कुणी विचारलं नाही; मी सांगतेय."

"ईशे, हे रोजचं आहे. वर्षभर."

"काढा, अप्पा."

मी बक्कलला हात लावला आणि थांबलो. पट्ट्याच्या कडेला, त्याने घेतलेली वेदना कमी-जास्त करण्यासाठी, एक बारीक चक्री होती. मी बक्कल सोडले नाही. खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली, तिचा हात हातात घेतला आणि चक्री फिरवू लागलो, मोठ्याने मोजत.

एक. तिची पापणी फडकली. दोन. तीन. माझी करवत उतरू लागली आणि तिची मान उशीत मागे गेली. चार म्हणताना तिने ओठ चावला. पाच, सहा. तिने माझी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट घट्ट पकडले, बिथरलेल्या घोड्याचा लगाम धरावा तसे. सात.

आठ म्हणताना माझ्या बोटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तो आम्हां दोघांनाही ऐकू गेला.

"मोडलं?" तिने दातांमधून विचारले. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

"हो."

"हे कुणाला वाटून द्यायचं नाही," ती म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.